येसूचं मडकं आणि आभाळातलं हरिण

या घरात मी नवी नवरी होऊन आले ना, त्या उन्हाळ्यात पहिला नेम धरला. वैशाखभर तुळशीवर गळतं मडकं ठेवायचं आणि ते भरल्याशिवाय चहाला तोंड लावायचं नाही. तेव्हा सासूबाईंनी मला जी गोष्ट सांगितली, तीच आज सांगते. पाय पसरा. निमे, त्याची उशी ओढू नकोस. हां.

तर एकदा काय झालं, असाच वैशाख लागला होता. भुई नुसती भाजत होती. एका गावात येसू नावाची बाई राहायची. येसू आणि तिची लेक चिमा, दोघीच. चिमा तुमच्याएवढीच, बरं का. तिला ताप चढला. काढे झाले, अंगारा झाला, ताप काही उतरेना. मग येसूनं तुळशीपुढे पदर पसरला. म्हणाली, "माये, महिनाभर तुझ्यावरचा थेंब तुटू देणार नाही. आणि पाणी असं सोवळ्यात ठेवीन की कुणाचं उष्टं व्हायचं नाही. माझी पोर तेवढी वाचव."

मग तिनं तुळशीवर तिवई ठेवली. तिवईवर मडकं. मडक्याच्या बुडाला बारीक भोक आणि भोकात दर्भाची काडी. टप्, टप्, टप्. विहिरी सगळ्या आटलेल्या. येसू कोसभर लांबच्या झऱ्यावरून एक कळशी आणायची. अर्धी चिमाला, अर्धी तुळशीला. स्वतः भिजल्या पदरानं ओठ पुसायची, झालं.

पहिल्या दिवशी आली खार. शेपटी लोळागोळा झालेली. मडक्याच्या काठाशी तोंड नेलं, तर येसू धावली, "हाड्, हाड्! देवाचं आहे ते!"

दुसऱ्या दिवशी आला बुलबुल. उन्हानं चोच मिटत नव्हती बिचाऱ्याची. येसूनं त्यालाही पदर झटकून उडवलं. कुंपणापलीकडून द्वारकाकाकू म्हणाल्या, "अगं, पाखराला दोन थेंब टिपू देईनास? एवढं कसलं मेलं सोवळं!"

"तुमची पोर नाही ना तापानं फणफणत, काकू!" येसू म्हणाली. आणि तिनं काय केलं, मडक्याभोवती बाभळीच्या काट्या रचल्या.

मग आली अक्षय्य तृतीया. दिवेलागण झाली. चंद्राची नखाएवढी कोर मावळतीला टेकली होती. आणि तिथंच होतं मृगाचं हरिण.

कुठे म्हणून काय विचारतोस? ते बघ, आंब्याच्या शेंड्याशी. चार तारे म्हणजे चार पाय. पोटात ओळीनं तीन तारे, तो बाण. आणि त्याच्या बाजूला लखलखतोय तो व्याध. थंडीभर तो त्याच्या मागे. पळता पळता हरणाला पाणी प्यायला सवड कुठली? म्हणून वैशाखात ते खाली खाली उतरतं.

त्या संध्याकाळी ते इतकं खाली आलं, की कुंपण ओलांडून थेट येसूच्या परसात उभं राहिलं. अंगावर चांदणं, पोटात बाण. पण काट्या बघितल्या आणि थबकलं. ओरडलं नाही, शिंग मारलं नाही. नुसतं उभं.

येसूनं हात उचलला हाकलायला. तेवढ्यात दारातल्या बाजेवरून चिमा क्षीण आवाजात म्हणाली, "आई, बघ ना, त्याची जीभ माझ्यासारखी झालीय."

येसूनं पाहिलं. लेकीची जीभ सुकून पांढरी पडलेली. हरणाचीही तशीच. तिचा हात तसाच राहिला. पाणी द्यावं तर नेम मोडणार, आणि नेम मोडला तर चिमाचं काय? घरात दुसरा घोटही नव्हता. मग तिनं डोळे पुसले. नुसत्या हातांनी काट्या उपसल्या, बोटं रक्ताळली. मडकं खाली उतरवलं, भोकावर अंगठा दाबला आणि हरणापुढे धरलं.

हरिण प्यायलं. थेंबन् थेंब प्यायलं. मग त्यानं दारातून मान आत घालून चिमाचं कपाळ चाटलं आणि मावळतीला उतरून गेलं.

टप् टप् थांबलं. एवढी शांतता झाली, की येसूला स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. ती बाजेपाशी बसली. "माये, मीच मोडलं गं, पोरीवर राग धरू नकोस," म्हणत तिनं भीत भीत चिमाच्या कपाळावर हात ठेवला.

हाताला काय लागलं? एक थेंब. मग दुसरा. मग तिसरा. पोरीला दरदरून घाम फुटला होता. ताप उतरत होता, बाळांनो. तुळशीमाईनं थेंब तुटू दिलाच नव्हता. तिथला थांबला आणि इथं सुरू झाला.

पहाटे चिमा उठून बसली. म्हणाली, "आई, मऊभात." येसू हसली, रडली आणि कळशी घेऊन झऱ्याकडे पळत सुटली. मग मायलेकी सुखानं राहिल्या. खार आणि बुलबुल त्यांच्या मडक्यावर हक्कानं येऊ लागले.

आता मिटा डोळे. आणि माझं एक ऐका. उद्या उठलात की कुंपणापाशी मातीच्या पसरट परळात पाणी ठेवा. कुणी प्यायला आलं तर हाकलू नका. लांबून बघा, हळूच. ठेवाल ना?