धूसराची वाट

एका राज्यात ग्रह सात होते, आणि सातच का, हे कुणी विचारायचे नव्हते. जो विचारी तो जागच्या जागी दगड होई. विटंक नावाच्या मांत्रिकाने तो शाप घातला होता. त्यानेच पूर्वी सात ग्रहांसाठी सोन्याची सात आसने घडवली, वेधशाळेच्या सभामंडपात मांडली, आणि आपली मोजणी कुणी तपासू नये म्हणून राज्यावर शाप ठेवून तो निघून गेला. मंडपाबाहेरच्या पायऱ्यांवर असे कितीतरी दगड उभे होते. कुणाचे बोट वर, कुणाचे तोंड अर्धे उघडे. लोक येता-जाता त्यांना हळद-कुंकू वाहत आणि आपल्या कामाला लागत.

शेवटच्या पायरीवर चारुमती उभी होती. "आचार्य, ग्रह म्हणजे नेमकं" एवढे तिच्या तोंडून निघाले होते. पुढचे ओठांतच राहिले.

तिची धाकटी बहीण शर्वरी त्याच वेधशाळेत शिकत होती. रोज सकाळी ती पदराने चारुमतीच्या खांद्यावरची धूळ पुसायची. जाता-जाता आचार्य स्थाणुभट्ट थांबत.

"तुझी बहीण हुशार होती, पोरी. बघ, काय झालं."

"बघते आहे, आचार्य. मी रोज बघते. तुम्ही मात्र वर बघायचं सोडून दिलंत."

आचार्य खाकरत आणि आत जात.

शर्वरीला वाटे, सात ही मोजणीच खोटी ठरली तर शापाला उभे राहायला जागा उरणार नाही. तिचा संशय सातव्यावर होता. त्याचे नाव धूसर. तो इतका फिका, की आचार्यांना त्याची जागा पोथीतून सांगावी लागे. पण विचारायची सोय नव्हती.

चारुमतीच्या पायांशी एका टिटवीने अंडी घातली होती. अंडी फुटून पिल्ले उडाली, त्या दिवशी टिटवी म्हणाली, "तुझ्या बहिणीने माझ्या घरट्यावर सावली धरली. तिचं देणं लागते मी. शाप माणसांवर आहे, पाखरांवर नाही. प्रश्न मी विचारीन. तू फक्त बघ."

टिटवीने पंख पसरले. ते शेताएवढे झाले. शर्वरी तिच्या पाठीवर बसली.

"आधी कुठे?" टिटवीने विचारले.

"धूसराकडे नाही. ज्या सहांबद्दल कुणाचंच दुमत नाही, त्यांच्याकडे. त्यांच्यात जे सारखं असेल, तेच धूसराला लावून बघू."

दोघी सहाही ग्रहांना भेटल्या. सहाही जण सूर्याभोवती फिरत होते; चंद्र तेवढे दुसऱ्याच्या अंगणात घिरट्या घालत होते. सहाही जण आपल्याच भाराने गोल झालेले होते, मळलेल्या कणकेच्या गोळ्यासारखे. आणि तिसरी गोष्ट शर्वरीच्या ध्यानीमनी नव्हती. सहाही जणांची वाट झाडलेल्या अंगणासारखी स्वच्छ होती. वाटेत जे आले, ते त्यांनी पोटात घेतले, नाहीतर दूर भिरकावले, नाहीतर आपल्या मागेपुढे फिरायला लावले. आपल्या वाटेवर प्रत्येक जण धनी होता.

मग त्या धूसराकडे गेल्या. तिथे ऊन चांदण्याइतके मंद होते.

शर्वरीने कमरेला खोचलेल्या सुताच्या गुंडीचे एक टोक अंधारात एका जागी अडकवले आणि धूसराच्या मागोमाग सूत उलगडत गेली. टिटवीच्या पंखांवर वर्षे मोजली जात नाहीत. सूत फिरून पहिल्या टोकाला आले, आणि सूर्य त्याच्या आत होता.

"पहिल्या कसोटीला उतरला," टिटवी म्हणाली.

मग टिटवी धूसराच्या अंगावर उतरून चहूकडे चालली. कुठे कोपरा लागला नाही.

"दुसरीलाही उतरला," ती हळूच म्हणाली. "शर्वरी, तिसरीला उतरला तर चारुमती दगडच राहील. कोपरा होता म्हण ना. इथवर येऊन कोण बघणार आहे?"

शर्वरीचे हात गारठले होते. तिने सूत गुंडाळून पुन्हा कमरेला खोचले.

"विटंकानेही असंच केलं असेल," ती शेवटी म्हणाली. "चल, त्याची वाट तपासू."

दोघी धूसराच्या वाटेवर उतरल्या, आणि टिटवीला पंख आवरून घ्यावे लागले. जत्रेत असावी तशी गर्दी होती. बर्फाचे लहान-मोठे गोळे, काही तर जवळजवळ धूसराएवढे, धूसराच्याच वाटेने चालले होते.

"हे कोण रे बाबा?" टिटवीने विचारले.

"माझी भावंडं," धूसर म्हणाला. "विटंकाला ती दिसली नाहीत. त्याने मला एकट्याला उचलून सोन्यावर बसवलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीत."

शर्वरीने त्याच्या थंड अंगावर हात ठेवला. "तुम्ही ग्रह नाही, धूसर. पण गोल आहात, आणि सूर्य तुमचाही आहे. एवढं मी खाली जाऊन सांगेन."

"सांग," धूसर म्हणाला. "ते आसन मला फार टोचतं."

गर्दीतला एक गोळा जरासा सरकला. धूसर त्याच्या शेजारी जाऊन चालू लागला.

वेधशाळेत एक दर्पण होता. जो वर जाऊन आला असेल, त्याने पाहिलेलेच त्यात दिसे. आचार्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या त्यात स्वतःच्या दाढ्या बघत आल्या होत्या. खाली परतलेली शर्वरी राजा आणि आचार्यांच्या देखत त्याच्यापुढे उभी राहिली. राजाने सूत पाहिले, गोलाई पाहिली, गर्दी पाहिली. सातवे आसन वितळून जमिनीत जिरले. दारातून पायऱ्या दिसत होत्या. चारुमतीचे केस वाऱ्यावर हलले, डोळ्यांची पापणी लवली. पण गुडघ्यांखाली ती अजून दगडच होती.

स्थाणुभट्टांनी उपरणे सावरले. "ठीक आहे. चूक सुधारली. महाराज, दवंडी पिटवावी. ग्रह सहा. आणि सहाच का, हे कुणी विचारायचं नाही."

हे शब्द उच्चारताच चारुमतीच्या गुडघ्यांवरून दगड कमरेपर्यंत चढला.

सर्वांनी ते पाहिले. आचार्यांनी पाहिले नाही. ते शर्वरीकडे वळून हसत होते. "ये, बाळ. ही घोषणा तूच कर. नियमाला तुझं नाव देऊ. तुझ्या वयात एवढा मान कुणाला मिळाला नाही."

राजाने मान डोलावली. शर्वरी बहिणीकडे बघत होती. इतकी वर्षे तिला वाटत होते की शाप सातात आहे.

"नाही," ती म्हणाली. "मी सहा म्हणते, कारण मी तीन कसोट्या लावल्या. उद्या कुणी चौथी आणेल. कुणी मुलगी माझी तिसरीच मोडीत काढेल. तिने खुशाल विचारावं, आणि मला उत्तर आलं नाही तर मी तिच्याबरोबर वर जाईन. पण हा नियम मी करणार नाही, आणि तुम्हालाही करू देणार नाही."

"पोरी, जपून बोल," स्थाणुभट्ट म्हणाले.

शर्वरी सभामंडपाच्या मधोमध आली. जन्मात जे तिने मोठ्याने कधी म्हटले नव्हते, ते तिने आता म्हटले.

"आचार्य, ग्रह सहाच का?"

लोकांनी श्वास रोखून तिच्या पायांकडे पाहिले. पाय पायच राहिले. अंगठ्याजवळ वर उडताना खरचटलेले होते, तेवढेच.

पायऱ्यांवर तडातड आवाज झाले. दगड अंग झटकू लागले, वर केलेली बोटे खाली आली. चारुमती एक-एक पायरी चढून दारात आली आणि 'ग्रह म्हणजे नेमकं' इथे अर्धे राहिलेले वाक्य तिने पुरे केले.

"...काय?"

स्थाणुभट्टांनी उजवीकडच्या आचार्यांकडे पाहिले. ते डावीकडच्यांकडे बघत होते.