तटस्थ टिटवी

फार जुनी गोष्ट. एका खाडीवर दूरदेशीच्या गरुडाचं राज्य होतं. त्याच्याकडे शिकून आलेली एक तरुण टिटवी खाडीची कारभारीण झाली. आपल्या हातून कुणावर अन्याय होऊ द्यायचा नाही, असं तिने मनोमन ठरवलं होतं.

एकदा लढाईवर निघालेलं पाणकोळी पक्ष्यांचं आरमार खाडीत उतरलं. गरुडाचा हुकूम आला, "लढाई परक्यांची आहे. आपण तटस्थ. आरमाराला एकच रात्र थारा द्या."

सकाळी पाणकोळी खाडीबाहेरच्या खडकाला वळसा घालून परत आले. "आम्ही आजच आलो, कारभारीणबाई," सेनापती हसत म्हणाला. मग रोज हेच चाललं. नियम मोडत नव्हता आणि चिखलात बिळं करून राहणाऱ्या इवल्या मासळ्या, निवट्या, मात्र त्यांच्या चोचींत जात होत्या.

पूर्वी संकट दिसलं की टिटवी ओरडायची आणि निवट्या बिळांत शिरायच्या.

"आताच गं कशी दातखीळ बसली?" एका म्हाताऱ्या निवटीने विचारलं. "माझी दोन पिल्लं गेली."

"मावशी, पाहुण्यांचा घास हिरावला तर त्यांच्या शत्रूला मदत होईल. आपण तटस्थ आहोत."

"तू तटावर उभी आहेस, बाई, म्हणून तू तटस्थ. आम्ही पाण्यात आहोत."

टिटवीने मान खाली घातली, पण हुकूम मोडायचा धीर तिला झाला नाही.

शेवटी आरमार गेलं. गरुडाची शाबासकी आली. ती कशीबशी ऐकून टिटवी मावशीला भेटायला चिखलावर उतरली. तिची सावली पडली मात्र, आणि ती ओरडली नव्हती तरी साऱ्या निवट्या बिळांत शिरल्या.