ठमा परटीण आणि सकूचे सात टाके

फार वर्षांपूर्वी, कोथळसरला पूल नव्हता आणि नदी ओलांडायची तर पाण्याची मर्जी पाहावी लागे, तेव्हा या गावात ठमा नावाची एक परटीण होऊन गेली. नेमकी किती वर्षं झाली, हे गावातल्या तीन वृद्धांना विचारलं तर तिघं तीन आकडे सांगतात आणि तिघंही आपल्या आकड्यावर अडून बसतात. म्हणून आकडा सोडून देऊ. बाकी गोष्टीबद्दल मात्र तिघांचं एकमत आहे.

ठमा घाटावर गावाचे कपडे धुवायची. तिच्या भट्टीतून निघालेलं कापड इतकं स्वच्छ असे की त्यावर बसायला आलेली माशी ओशाळून परत जाई, असं म्हणतात. कापड किती आपटलं की विरतं, किती पिळलं की शिवण उसवते, कोणतं उन्हात वाळवायचं आणि कोणतं सावलीत, हे तिला बोटांनी कळायचं. स्वभाव मात्र तापट. कुणी तिच्या दगडावर चिखलाचे पाय धुवायला आलं, तर ती नुसता असा फुत्कार टाकायची की माणूस पाय तसेच घेऊन घरी जाई.

त्याच गावात सकू सुईण होती. ठमाच्याच वयाची. गावातल्या चाळिशीच्या आतल्या प्रत्येक माणसाला या जगात पहिल्यांदा धरलं होतं ते सकूच्या हातांनी. गावाचा तिच्यावर फार जीव. सगळी अडचण त्यामुळेच झाली.

सकूच्या उजव्या दंडावर एक गाठ आली. सुपारीएवढी होती ती लिंबाएवढी झाली, मग कवठाएवढी. हात वर उचलेना. तेव्हा गावोगाव फिरणारा एक शस्त्रवैद्य आला. त्याने गाठ कापून काढली, सात टाके घातले आणि निघताना सकूच्या सुनेला बजावलं, "टाके फक्त धरून ठेवतात. जोडायचं काम कातडीचं. तिला चाळीस दिवस सुखाने जुळू द्या. पुन्हा फाटली तर टाका धरायला तिथं काही उरणार नाही. मग हात खांद्यापासून जाईल." नदीचं पाणी वाढत होतं. तो लगबगीने पलीकडे गेला आणि पुन्हा कधी दिसला नाही.

आता कोथळसरची एक रीत होती. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हाताने जायचं नाही. सोबत औषध न्यायचं, आणि नेलेलं औषध आपल्याच हाताने लावायचं. दुसऱ्याकडे दिलं तर गुण येत नाही, अशी ठाम समजूत. साध्या तापाला हे चालून जाई. ताप आलेल्याच्या कपाळावर चार लेप बसले तरी त्याचं काही बिघडत नसे. पण इथे कापलेला हात होता, आणि बघायला येणारं अख्खं गाव होतं.

पहिल्या दिवशी पाटलीणबाईंनी हळद-तेल लावलं. मथुरा तेलीण ताजं शेण घेऊन आली. लिंबाजी गुरवाने देवाचा अंगारा चोळला, अगदी मनापासून, दोन्ही तळव्यांनी. कुणी चुलीतली राख आणली, कुणी चावलेला तंबाखू, कुणी चुना. एकाने म्हशीचं लोणी आणलं आणि ते राखेवर बसेना म्हणून राख आधी बोटाने खरवडून काढली. सून दारात उभी राहून नाही म्हणायची, पण वयाने ती सगळ्यांत लहान. तिला कोण विचारतो? आणि सकू स्वतः काय करत होती? ती प्रत्येकाला सांगत होती, लाव बाबा, तुझ्या हातचा गुण येईल.

आठव्या दिवशी सकूला ताप भरला. दंड सुजून दुधी भोपळ्यासारखा झाला आणि सातांतले दोन टाके सुटले.

त्या सकाळी ठमा धुतलेली लुगडी पोचवायला आली. तिने सकूचा दंड पाहिला. वाकून लेपांचा वास घेतला. मग तिने सुनेला विचारलं, "ही कातडी आहे की पोतेऱ्याने सारवलेली भिंत?"

तिने भट्टीतलं पांढरं कापड मागवलं, पाणी उकळवून निवू दिलं, स्वतःचे हात कोपरापर्यंत धुतले आणि तो थर भिजवायला बसली. ओढायचं नाही, खरवडायचं नाही. ओलं फडकं ठेवायचं, थांबायचं, आपोआप सुटेल तेवढंच उचलायचं. सकाळची दुपार झाली. एकेक थर निघत होता आणि ठमा ओळखून सांगत होती, की हा गुरवाचा, हा पाटलीणबाईंचा, आणि हे शेण मथुराच्या तांबड्या गाईचं. गाय आजारी आहे, तिलाही कुणीतरी बघा. आत कातडी लाल होती, सोललेली होती, पण जिवंत होती. ठमाने ती कोरड्या कापडाने नुसती टिपली, पुसली नाही. वर सैल फडकं बांधलं आणि जाऊन उंबऱ्यावर बसली.

दुपारी पाटील आले, हातात मधाची वाटी घेऊन. ठमा उठली नाही.

"परटीणबाई, वाट सोड. सकूला बघायचंय."

"बघा की. बघायला डोळे लागतात, पाटील. हात मागं घ्या."

"मला सांगतेस?"

"तुमचं धोतर मला चांगलं माहीत आहे. ज्याला धोतर जपता येत नाही, त्याने कातडीला हात लावू नये."

पाटलांच्या मागे दहा माणसं उभी होती. कुणीतरी फिसकन हसलं. पाटलांनी वाटी सुनेच्या हातात दिली, हात पाठीमागे बांधले आणि उंबऱ्यातून डोकावून सकूला बघितलं. त्यांच्यानंतर सगळ्यांनी तसंच केलं. तेरा दिवस ठमा त्या उंबऱ्यावरून हलली नाही. जेवण तिथंच, झोप तिथंच. माश्यासुद्धा दारापर्यंत येऊन तिचं तोंड बघून मागे फिरत, असं म्हणतात.

ताप उतरला. सूज ओसरली. कातडी कडेकडेने जुळायला लागली. आणि मग सुरू झाली खाज.

जुळणारी कातडी खाजते, हे ठमाला ठाऊक होतं. सकूलाही ठाऊक होतं. तिने शंभर बायकांना सांगितलं होतं की टाक्याला नख लावू नका. पण सांगणं वेगळं. ठमाने सगळं गाव अडवलं, पण सकूचा डावा हात तिला अडवता येईना. पाठ वळली की नख दंडाकडे. बोटांना चिंध्या बांधल्या, तर सकूने त्या दातांनी सोडल्या. बाविसाव्या दिवशी खपलीच्या कडेला रक्ताचा थेंब दिसला.

ठमाने तो थेंब टिपला. "गाव मूर्ख होतं, मी त्याला आवरलं," ती म्हणाली. "तू तर शहाणी ना गं? हा हात गेला तर पुढचं लेकरू कोण धरणार? मी? मी पिळून काढीन त्याला."

"मग करू काय?" सकू रडकुंडीला आली होती. "हाताला चैन नाही, ठमे. चाळीस वर्षं हा हात रिकामा नाही राहिला."

ठमाने तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "तर त्याला त्याचंच काम दे. खाज सुटली की एक बाळंतपण सांग. पहिल्यापासून. कुणाचं घर, कसं आलं, पायाळू की सरळ. सांगून होईपर्यंत दंडाला शिवायचं नाही."

सकूने सांगायला सुरुवात केली. सांगताना तिचा डावा हात आपोआप हवेत वर जाई, अदृश्य डोकं तोली, मान सावरी. खाज विसरून जाई. बातमी फुटली आणि लोक अंगणात येऊन बसले. आपला जन्म कधी येतो याची प्रत्येकाला उत्सुकता. लिंबाजी गुरव पायाळू होता हे कळलं, पाटील जन्मल्यावर घटकाभर रडलेच नव्हते हे कळलं. कुणालाच औषधाची आठवण राहिली नाही. नदीचं पाणी घाटाच्या पायरीवर येऊन ऐकत थांबायचं, असं म्हणतात.

अठ्ठाविसाव्या दिवशी सकू सांगता सांगता अडखळली. तिने उंबऱ्याकडे पाहिलं.

"ठमे, आता तुझा पहिला."

ठमा उंबऱ्यावर पाठमोरी बसली होती. ते मूल तीन दिवस जगलं होतं, हे गावाला माहीत होतं.

"मी तेव्हा कुंभाराकडून तशीच धावत आले होते," सकू म्हणाली. "तू ओरडत होतीस. मी हात धुतले नाहीत. कुणाला सांगितलं नाही, पण मला माहीत आहे."

ठमा वळली नाही. तिने मांडीवरचं फडकं उगाच एकदा घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं. मग म्हणाली, "मला तेव्हाच दिसलं होतं. तुझ्या नखांत माती होती. आता पुढचं सांग, तुझं बोट खपलीकडे चाललंय."

सकूने पुढचं सांगितलं. चाळिसाव्या दिवशी, तीनशे चौऱ्याहत्तरावं बाळंतपण सांगत असताना खपली उरलेल्या टाक्यांसकट आपली आपण गळून पडली. खाली गुलाबी कातडी होती, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या टाचेसारखी. ठमाने तिच्यावर खोबरेल नुसतं टेकवलं, चोळलं नाही, आणि वर्षभर त्या दंडाला ऊन लागू द्यायचं नाही असं बजावून ती घाटावर निघून गेली. तिथं बत्तीस दिवसांचे कपडे साठले होते. त्याबद्दल ती गावाला जे बोलली ते सांगण्यासारखं नाही. सकूच्या त्याच हाताने पुढे आणखी दोनशे लेकरं धरली, आणि प्रत्येक वेळी आधी तो हात उकळून निवलेल्या पाण्याने धुतला गेला, असं म्हणतात.

आज कोथळसरला पूल आहे, तालुक्याला मोठा दवाखाना आहे. पण ऑपरेशन होऊन कुणी घरी आलं की त्याच्या चौकटीला उकळून वाळवलेलं पांढरं फडकं बांधतात. त्याला ठमाईचं फडकं म्हणतात. ते दिसलं की येणारा उंबऱ्याबाहेर थांबतो. आणि फडक्याखाली वेताची एक मोठी पाटी ठेवलेली असते. लोक आपापलं आणलेलं त्या पाटीत टाकतात: हळदीची पुडी, अंगारा, कुठलंतरी पाल्याचं तेल, हल्ली शहरातून आणलेल्या मलमांच्या ट्यूबसुद्धा. चाळिसाव्या दिवशी घरातला माणूस ती पाटी गावाबाहेर खड्ड्यात रिकामी करतो, आणि दरवेळी ती काठोकाठ भरलेली असते. ठमाईच्या नावाने गावाने लावायचं सोडलं. आणायचं काही सोडलं नाही.