तिसऱ्या प्रहराचं जेवण

फार जुन्या काळी, राजे अजून स्वतःच्या पायांनी आपलं राज्य हिंडत असत तेव्हा, एका डोंगराच्या पायथ्याशी एक तलाव होता. तलावाखाली दोन वस्त्या होत्या. एकीत मशीद होती, दुसरीत बुद्धविहार. एकीचा दिवस अजानीने सुरू व्हायचा, दुसरीचा वंदनेने. शेतं मात्र बांधाला बांध लागून होती आणि दोघींना पाणी त्या एकाच तलावाचं.

तलावाची मोरी उघडून शेतांना पाणी सोडणारा म्हातारा राखणदार त्या वर्षी वारला. नेमका पाऊसही रुसला. भात पोटरीवर आला, लोंब्या फुटायची वेळ झाली आणि तलाव तळाला गेला. आता ज्याच्या हाती मोरी त्याचं पीक तरणार आणि दुसऱ्याचं वाळणार, अशी वेळ आली.

राजा गादीवर नवा होता. लोक आपलं ऐकतील का, ही नव्या राजाला असते ती भीती त्यालाही होती. अशा भीतीला खतपाणी घालायला दरबारात माणसं टपलेलीच असतात. इथे ते काम प्रधान मोठ्या आवडीने करत असे.

प्रधान म्हणाला, "महाराज, या दोन्ही वस्त्या आधी आपल्या धर्माच्या आणि मग तुमच्या. तुमच्या शब्दाखातर ज्या वस्तीचं वडीलधारं माणूस आपला नेम मोडेल, तिलाच मोरी द्या. ती जन्मभर तुमची राहील आणि दुसरी तुम्हाला भिऊन राहील."

राजाला ते पटलं. मनात भीती असली की असलं काहीही पटतं.

प्रधानाने दिवस निवडला पौर्णिमेचा आणि वेळ तिसऱ्या प्रहराची. महिना रमजानचा होता. मशिदीच्या वस्तीतले लोक सूर्य मावळेपर्यंत पाण्याचा थेंबही घेत नसत. विहाराच्या वस्तीतली काही वयस्कर माणसं पौर्णिमेला आठ शीलं, म्हणजे आठ नियम, घेत. त्यांतल्या एका शीलाप्रमाणे दुपार टळली की ती दुसऱ्या दिवसाच्या पहाटेपर्यंत जेवत नसत. प्रधानाला हे सगळं नीट ठाऊक होतं. लोकांच्या चांगुलपणाची बारीक माहिती ठेवून ती त्यांच्यावरच उलटवणारी काही माणसं असतात, त्यांतलाच तो.

मशिदीच्या वस्तीतून यासीनचाचा आले. विहाराच्या वस्तीतून खेमाआजी आल्या. दोघांच्याही शब्दाला आपापल्या वस्तीत मान होता. उन्हातून चालत आल्यामुळे दोघंही घामाघूम झाली होती.

महालात ताटं वाढून ठेवली होती. वाफाळता भात, त्यावर तुपाची धार, वाटीत खीर, कडेला लाडू आणि शेजारी वाळा घातलेलं गार पाणी. राजाने अट सांगितली. जो आधी घास घेईल, त्याच्या वस्तीला मोरी. मग प्रधानाने नोकरांना बाहेर काढलं, दारंखिडक्या लावून घेतल्या आणि गोड आवाजात समजावलं, की आता इथे आपण चौघंच आहोत, एका घासाने काय बिघडतंय, बाहेर कोणाला कळणारसुद्धा नाही.

खेमाआजी पाणी प्यायल्या, कारण त्यांच्या शीलात पाण्याला मनाई नव्हती. ताट मात्र त्यांनी हलकेच बाजूला सारलं. यासीनचाचांनी पाण्यालाही हात लावला नाही. त्यांचे ओठ सुकले होते आणि डोळ्यांसमोर वस्तीतली भेगाळलेली खाचरं येत होती.

ते म्हणाले, "हुजूर, तुम्ही दारं लावलीत. पण ज्याच्यासाठी मी रोजा धरलाय, त्याला दिसायचं त्यामुळे थोडंच थांबतं?"

एवढं बोलल्यावर त्यांची नजर खेमाआजींच्या ताटाकडे गेली आणि ते कळवळले. विहाराच्या वस्तीची एक जुनी रीत होती. रमजानात रोजेदाराच्या समोर तिथलं कोणी काही खात नसे, लहान पोरंसुद्धा हातातला पेरू पाठीमागे लपवीत. खेमाआजींनी या पावसाळ्यापासून आठ शीलं घ्यायला सुरुवात केली होती, ते चाचांना माहीत नव्हतं. त्यांना वाटलं, ही बाई आपल्यापायी मोरी सोडून देते आहे.

"खेमाबाई, माझ्यासाठी थांबू नका," ते म्हणाले. "तुम्ही जेवा. मी मनात काही आणणार नाही. निदान तुमच्या वस्तीचा तरी भात वाचू दे."

विचार करा मंडळी. स्वतःच्या शेतांवर हा माणूस आपल्या हाताने पाणी सोडत होता, आणि तेही चुकीच्या समजुतीने. अशी चूक करायलासुद्धा मन मोठं लागतं.

खेमाआजींचे डोळे भरून आले आणि त्यांना हसूही आलं. "यासीनभाई, या वेळी मी तुमच्यासाठी नाही थांबले. आज मी आठ शीलं घेतली आहेत. ती पाळीन, असं विहारात माझ्याच तोंडाने म्हटलंय. कुणाला दाखवायला म्हटलं नव्हतं." मग त्या राजाकडे वळल्या. "महाराज, मोरी यांना द्या. आमच्या वाटणीचं पाणी हे राखतील, मला खात्री आहे."

प्रधान याच घटकेची वाट पाहत होता. दोघांनीही आज्ञा मोडली आहे, तेव्हा मोरी सरळ प्रधानाच्याच ताब्यात द्यावी, असं त्याने सुचवलं.

राजाने आधी ताटांकडे, मग प्रधानाकडे पाहिलं. मग त्याने विचारलं, "प्रधानजी, मोरीवर तुम्हाला बसवलं आणि बघणारं कोणी नसलं, तर तुम्ही काय कराल?"

प्रधानाचं तोंड भरलेलं होतं. बोलता बोलता त्याने ताटातला लाडू तोंडात टाकला होता.

"मी आज्ञाधारक माणूस शोधत होतो," राजा म्हणाला. "पण तलाव राखायला तो काय कामाचा? त्याला उद्या दुसरा कोणी आज्ञा करील. समोर पाणी आहे, घसा कोरडा आहे, बघणारं कोणी नाही आणि तरीही ज्याचा हात पुढे होत नाही, पाणी त्याच्याच हाती सुरक्षित. असा माणूस मी एक शोधत होतो, मला दोन सापडले."

राजाने मोरी दोघांच्या हवाली केली. सूर्य मावळल्यावर यासीनचाचांनी खजूर खाऊन रोजा सोडला. खेमाआजी स्वतः न जेवता त्यांच्या पेल्यात पाणी ओतत होत्या आणि राजा तोवर उपाशीच थांबला होता.

त्या वर्षी पाऊस शेवटपर्यंत आला नाही. पाणी थोडंथोडं सुटलं, पण दोन्ही वस्त्यांच्या अगदी शेवटच्या खाचरापर्यंत पोचलं. राखणीला राजाचा एक शिपाईसुद्धा उभा करावा लागला नाही. पुढे राज्यात कुठेही विश्वासाचं काम निघालं, की राजा आधी त्या दोन वस्त्यांत माणूस शोधायला जाई. प्रधानाचा सल्ला तो विचारत असे, फक्त ऐकत नसे.

बोध: कोणी बघत नसतानाही जो आपल्या धर्माला जागतो, तो शेजाऱ्याला आणि राज्याला कधीच दगा देत नाही.