दांड्यावरचा गंज

"आता तरी ठेवू का रुळावर?" सुयोगनं पुन्हा विचारलं.

दस्तगीरचाचा चष्मा पुसत होते.

छोट्या लाइनच्या रेल्वेचे डबे रंगवण्यात त्यांचा जन्म गेला होता. लाइन बंद पडल्यापासून पडवीतल्या फळीवर ते तिचं जुनं स्टेशन मांडत होते, वीतभर उंचीचं. सगळं झालं होतं. रूळ तेवढे रिकामे होते.

सुयोगनं त्यासाठी रेलकार बनवली होती. एकच डबा, त्यातच इंजिन. 'फार नवी दिसते' म्हणून चाचांनी ती दोनदा परत पाठवली होती. उद्या गावातली जुनी माणसं स्टेशन बघायला येणार होती. आज नाही तर नाहीच.

"तीन महिने घातलेत, चाचा. छपरावरची काजळी बघा. असा गंज तुम्हाला तरी जमला असता का?"

"नसता जमला."

सुयोग खूश झाला.

चाचांनी डबा डोळ्यांजवळ धरला. "आणि दाराजवळचा हा तारेचा दांडा?"

"त्याला तर सगळ्यात जास्त गंज दिलाय. रंगाचे चार हात!"

"हं…"

चाचांनी डबा खाली ठेवला.

"जरा फाटकाची कडी लावून ये. शेळ्या आत येतात."

सुयोग धुसफुसतच गेला. फाटक गंजून लाल झालं होतं. त्यानं कडीला हात घातला आणि तिथंच थांबला. कडी चकचकीत होती.

परत आला तो खाली मान घालून.

"चाचा…"

"इतकी वर्षं गाडी चालली," चाचा हळूच म्हणाले, "आणि कोणी चढलंच नाही व्हय रे?"

सुयोगनं टर्पेंटाइनची चिंधी घेतली. दांड्यावरचा गंज खरवडून पुसला. मग पेन्सिलीचं शिसं बोटावर घेऊन घासत बसला. दांडा मधोमध उजळला, टोकांना गंज राहिला. पायरीची कडही त्यानं घासली, कोणी न सांगता.

या वेळी त्यानं काही विचारलं नाही. डबा फळीच्या कडेला ठेवून हात मागे घेतला.

चाचांनीच तो उचलला आणि फलाटाशी रुळावर ठेवला.

सुयोगला राहवलं नाही. डबा पुढं ढकलायला त्यानं बोट लावलं.

चाचांनी त्याचा हात धरला.

"थांब की. माणसं उतरू देत आधी."