तारा कोणाच्या नावाचा

“म्हणजे तो तारा माझ्या लेकरासाठीच तुटला, असंच ना बाबा?”

गुलाबशा फकीर चिंचेखाली बसून झोळीला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कोण म्हणालं?”

“सासूबाई. सगळी आळीच म्हणतेय.”

सगुणाच्या मांडीवर तिचा पाच महिन्यांचा पोरगा निपचित पडला होता. ओठ सुकलेले. रडायचंही त्राण नव्हतं त्याला.

परवा दिवेलागण झाल्यावर ती अंगणात त्याला पाजत बसली होती. एकाएकी अंगण पांढरंफटक पडलं. भर अंधारात लिंबाची सावली उमटली, आणि ती सावली रांजणावरून, चुलीवरून पळत पळत भिंतीवर चढली. तिनं वर पाहिलं, तर आगीचा हिरवट लोळ आभाळ चिरत चाललेला. तो डोंगरामागं विझला. मग असा गडगडाट झाला की फडताळातली भांडी वाजली.

पोरगा दूध सोडून तिकडंच बघत राहिला होता.



“सासूबाई म्हणतात, तारा कुणाला तरी घेऊन जातोच. पाजताना दिसला, म्हणजे दुधात उतरला. तेव्हापासून अंगावर घेतलं नाही मी त्याला. गाईचं देते, तर ओकून टाकतो.”

“दोन दिवस?”

“मी शाळेत शिकलेय, बाबा. दगड असतो तो, जळत येतो. परीक्षेत लिहिलं होतं मी.” तिनं पोराच्या तोंडावरची माशी हाकलली. “पण तेव्हा मांडीवर लेकरू नव्हतं... एखादा ताईत द्या.”

फकिरांनी सुई कापडात खोचून ठेवली. पोराच्या ओठांकडं बराच वेळ पाहिलं.

“ताईत कशाला? तो तारा माझ्या नावाचा होता.”



“तुमच्या... तुम्हाला काय ठाऊक?”

“तुझ्या सासूला ठाऊक असतं, मग मला नको? माझाच होता तो. पाज पोराला.”

ते उठले आणि झाडाच्या पलीकडं जाऊन पाठमोरे बसले.

तिनं पोराला पदराखाली घेतलं. पोरानं आधी तोंड फिरवलं. मग हुंगलं. मग असा काही चिकटला की घटाघट आवाज येऊ लागला. सगुणाचे डोळे वाहू लागले.

आणि मधेच तिच्या ध्यानात आलं.

लेकराचं मरण तिनं एका म्हाताऱ्याच्या अंगावर ढकललं होतं. एकदाही नको म्हणाली नव्हती.

पोरगा कुरकुरला.

“बाबा...”

“हं.”

“मग आता तुम्ही... मरणार?”

“मरेन की. आधी त्याला दुसऱ्या बाजूला घे.”