पहिला मान थोरल्या पान्याचा

दोष सगळा थोरल्या पान्याचा. फार पूर्वी एका घरच्या हत्यारपेटीत कुठल्याही कामाचा पहिला मान त्याचाच असे, जबडा झिजून ढिला झाला तरी.

एकदा गाडीच्या चाकाचा गंजलेला नट निघेना. नवा रिंगपाना कळवळून म्हणाला, “आजोबा, तो माझ्या मापाचा आहे. मला जाऊ द्या ना!”

“गप रे! तू भट्टीतही नव्हतास तेव्हापासून नट खोलतोय मी.”

म्हातारा नटावरून घसरतच राहिला. “अहो, माझे कोपरे चाललेत!” नट ओरडला.

“हल्लीचे नटच नाजूक!” म्हातारा म्हणाला.

नट गोल गुळगुळीत झाला. आता रिंगपान्यालाही धरायला काही उरलं नाही. शेवटी नट फोडायला छिन्नी बोलवावी लागली. तरी म्हातारा हटेना. “मी धरतो, तू फोड.”

घाव बसला. नट फुटला. म्हाताऱ्याचा जबडाही तुटला आणि तो भंगारात गेला.